शेजारणींना घेऊन या

ता. ९, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद. आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल, ते झालं.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं जावेची गाऱ्हाणी, आणि शेवटी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ: 'शेजारणीच्या छातीत गाठ लागते, दुखत नाही, तिकडे अशाला काय करतात ते विचारून ठेव.' विचारून ठेवलंय. सांगते. आधी माझं ऐक, मध्येच उठून दूध बघायला जाऊ नकोस.

मुलानं मला इथल्या भाषेच्या वर्गात घातलंय. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं. वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत. खुर्च्या लहान पोरांच्या, बसलं की गुडघे हनुवटीला. आम्ही साताठ बाया, जिचा तिचा देश वेगळा, सगळ्या माझ्यासारख्याच अर्ध्याकच्च्या. एक शिवणकाम करते, एक बेकरीत आहे, एकीला पाच लेकरं. मास्तरीण माझ्या नातीच्या वयाची. उत्साह नुसता उतू जातो. मला असला उत्साह सोसत नाही, पण शिकवते बरी.

तर तिनं बायकांच्या दुखण्यांचे शब्द काढले. फळ्यावर बाईचं चित्र, आतलं-बाहेरचं सगळं. शिवणवाली तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मास्तरीण म्हणाली, "एकीनं डॉक्टर व्हा, एकीनं पेशंट. काय होतंय ते सांगा."

शिवणवाली उठली. "माझ्या शेजारणीला ओटीपोटात कळा येतात."

बेकरीवाली म्हणाली, "माझ्या शेजारणीला अंगावरून पांढरं जातं."

पाच लेकरांची आई म्हणाली, "माझी शेजारीण खोकली की कपडे ओले होतात."

मीही शेजारीणच पुढे केली. इतके देश, पण शेजारीण सगळीकडची एकच!

मास्तरीण भोळी, तिला खरं वाटलं. "अगं बाई, किती आजारी शेजारणी! मी पुढच्या वेळी नर्सबाईंना बोलावते. सगळ्यांनी आपापल्या शेजारणींना घेऊन या."

आणि खरंच की गं! पुढच्या वेळी कोपऱ्यात पडदा लावलेला, खाट मांडलेली, शेजारणींसाठी जास्तीच्या खुर्च्या. आम्ही आपल्या होतो तेवढ्याच. नर्सबाई घड्याळ बघतायत. मास्तरणीचं तोंड एवढंसं झालेलं. "एकही नाही आली?" आम्ही सगळ्या खाली मान घालून, जमिनीवर सुई हरवल्यासारख्या.

मला वेळ फुकट गेलेला खपत नाही, तुला ठाऊक आहे. उठले. म्हटलं, "शेजारीण आलीय. मीच ती." आणि गेले पडद्यामागे. बाहेरून बेकरीवालीचा आवाज आला, "माझीपण आलीय." मग रांगच लागली.

आत मी घडाघडा सांगितलं. इथल्या भाषेत लाज वाटत नाही बघ. ते शब्द कालपरवा शिकलेले, त्यांच्यावरून आईनं कधी डोळे वटारले नव्हते. घरी सुनेलाही त्याच भाषेत सांगितलं. ती बिचारी रडलीही त्याच भाषेत.

आता तुला आपल्या भाषेत लिहिते. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला गेल्या थंडीपासून अंगावरून रक्त जात होतं. लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

मोठ्या दवाखान्यात पिशवीतला तुकडा काढून तपासायला दिलाय. डॉक्टरीण म्हणाली, निकाल येईपर्यंत काही सांगता येणार नाही. उगाच गोड बोलली नाही म्हणून आवडली मला. तू रडारड लिहून पाठवू नकोस, मला वाचायला सवड नाही.

तर तुझ्या शेजारणीचं. दुखत नाही म्हणून गाठ सोडून द्यायची नसते. नर्सबाई म्हणाल्या, बहुतेक गाठी साध्या निघतात, पण कुठली साधी ते शेजारणीनं चाचपून ठरवायचं नाही. दवाखान्यात दाखवायचं. तिथे फोटो काढतात, लागलं तर सुई घालून बघतात. झालं.

आणि एक. तुझ्या घराच्या डाव्या हाताला गोदाम. उजवीकडच्यांनी कुलूप लावलं ते मी तिथे असतानाच. समोर शाळेची भिंत. कसली आलीय गं शेजारीण?

उद्या सकाळचं काम जावेवर टाक, एक दिवस तिचे हात झिजत नाहीत. शेजारणीला घे आणि दवाखाना गाठ. रिक्षात दोघींची जागा धरू नकोस. तिथे नाव विचारतील, ते तुझं सांग.

उत्तरात गाऱ्हाणी नकोत. एकच ओळ लिही. पण ती सगळ्यात वर, आणि मोठ्या अक्षरात.

तुझ्या शेजारणीची थोरली बहीण,
अक्का