नळ्यांची अदलाबदल झाली नव्हती

प्रिय ताई,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न उघडताच फाडावंसं वाटलं असेल, तर ते रास्तच आहे. पण आधी वाच, मग फाड. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मीच ततपप केलं असतं.

लॅबमध्ये माझी बदली झाली. रोजच्या साखर-थायरॉईडच्या तपासण्या सुटल्या आणि वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांचा अभ्यास चालतो, त्या खोलीत मला बसवलं. पेशंटला उपाशीपोटी बोलवायचं, दुधासारखं एक पेय प्यायला द्यायचं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं. ऑपरेशनआधीचं रक्त गोठवून ठेवलेलं असतं. ते आणि वर्षानंतरचं एकदमच तपासतात. पहिल्याच आठवड्यात मी मोठा घोळ पकडला, म्हणजे मला तसं वाटलं. एका पेशंटच्या आधीच्या रक्तात ‘पोट भरलं’ असा निरोप देणारं हार्मोन जेमतेम हललं होतं, आणि नंतरच्या रक्तात तेच कितीतरी पट उसळलेलं. एकाच माणसाचं रक्त असं कसं असेल? नळ्या बदलल्याचं खापर मी शेजारच्या बाकावरच्या बाईंवर फोडलं, तेही चारचौघांत. बाईंची नोकरी वीस वर्षांची. त्यांनी उरलेलं रक्त माझ्यापुढे ठेवलं. मी स्वतः लेबलं ताडून पुन्हा मशीनला लावलं. आकडे तेच. पुढच्या पेशंटचेही तसेच! बाईंची माफी मागितली, वर चहा पाजला.

मग डॉक्टर मॅडमनी समजावलं. ऑपरेशननंतर अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून ‘आता पुरे’ हा निरोप जोरात जातो. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं, तर भूक लावणारं हार्मोन उलट वाढतं. म्हणजे माणूस तोच, त्याचा निश्चयही तोच. आतून येणारा निरोप तेवढा वेगळा. हे ऐकताना मला शाळेतली तू आठवलीस. आईने बिस्किटांचा डबा माझ्या ताब्यात दिला होता. दहा वर्षांचा मी, अंगावर मूठभर मांस नाही, आणि डोळ्यात तेल घालून तुझ्यावर पहारा करायचो. तू एक काढलंस की मी आईला दोन सांगायचो. तुझ्या पोटात कावळे ओरडत असायचे आणि मी तुला हावरट म्हणायचो. मला दोन बिस्किटांत पुरे व्हायचं, याचा केवढा तोरा मिरवला मी! त्यात माझी कर्तबगारी काडीची नव्हती, ताई.

आणि तू ऑपरेशन ठरवलंस तेव्हा मी काय केलं? तुझ्या सासूबाईंसमोर म्हणालो, हिला तोंडावर ताबा ठेवता आला असता तर पोट कापायची वेळ आली नसती. हॉस्पिटलमध्ये फिरकलोसुद्धा नाही. लाज वाटते मला त्याची.

मागच्या रविवारी आई बोलता बोलता म्हणाली, की तुझं सात किलो वजन परत वाढलंय, भूक पुन्हा छळते, आणि तू तपासणीला जाणंच सोडलंयस. विचारलं तर म्हणतेस, धाकटा म्हणाला तेच खरं, खोट माझ्यातच आहे. दुसऱ्या दिवशी तुझं नाव न सांगता मॅडमना विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, चाळीस उतरून सात परत आले, एवढंच ना? पुष्कळांचं होतं. शरीर गेलेलं वजन परत मिळवायला धडपडतं, त्यात माणसाचा काय दोष? औषधं आहेत, उपाय आहेत, फक्त दाखवायला यायला हवं. माझा जीव भांड्यात पडला. सरळ जिन्यात बसून रडलो. आपण चुकलो याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. ताई, ते वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. त्याच्यापायी तपासणी चुकवू नकोस. मी हवा असलो तर बाहेरच्या बाकावर बसेन. नको असलो तर येणार नाही. पण तू जा.

तुझाच,
धाकटा