गळ्यातली नलिनी

२२ जून २०२५, सुभानपुरा, बडोदे

पोहोचले एकदाची! कराडहून निघताना आई एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने लोणच्याची बरणी सामानात कोंबत होती. सदतिसाव्या वर्षी नोंदणी पद्धतीने लग्न करून मी, पाचवी ‘ब’ची मोहनाबाई, आजपासून बडोदेकर झाले. ही रोजनिशी शाळेतल्या मैत्रिणींनी निरोपाला दिली. म्हणाल्या, अकरा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यास, आता स्वतःची लिही.

घर दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. उत्कर्षची नोकरी वाघोडियाच्या कारखान्यात, सकाळी सातला कंपनीची बस. तो बोलतो कमी, पण चहाचा कप स्वतः विसळतो, म्हणजे नवरा बरा निघाला. सासूबाई मंदाकिनी हसतमुख आहेत. मराठीत सुरू केलेलं वाक्य त्या गुजरातीत संपवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यांनी माझ्यासाठी सहा ब्लाउज तयार ठेवले होते. माप न घेता शिवलेले, तरी सहाही अंगाला चपखल बसले. मी म्हटलं, तुमच्या शिंप्याच्या नजरेला बक्षीस द्यायला हवं. त्या नुसत्या हसल्या.

उत्कर्षची लेक अवनी आठ वर्षांची आहे. तिची आई नलिनी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. पोर थोडी हट्टी आहे, असं उत्कर्षने आधीच सांगितलं होतं. मी चॉकलेट पुढे केलं तर म्हणाली, “जा ने अहींथी!” म्हणजे चालती हो इथून. म्हटलं, बाई गं, आत्ताच आले, चहा तरी पिऊ दे.

२५ जून

आज सासूबाईंनी देवघरातून चांदीचा टाक काढला. रुपयाएवढा, त्यावर पदर घेतलेली बाई उठवलेली. ही नलिनी. दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेलीचा मान राहतो आणि ती घराला त्रास देत नाही, अशी यांच्याकडे रीत. असं काही असतं हे मी आजीकडून ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. सवतीला गळ्यात घेऊन हिंडायचं, मला हसूच आलं. पण गेलेल्या बाईला मान द्यायला माझं काय जातं? सोनार घरी येऊन साखळी गळ्यातच जोडून गेला. फासा नाही, कडी नाही. कडी असली की हरवते, असं सासूबाई म्हणाल्या.

४ जुलै

थोडी हट्टी! शब्दांची काटकसर कुणी उत्कर्षकडून शिकावी.

सोमवारी तिने माझ्या हाताचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. बुधवारी उसळीचं उकळतं पातेलं लाथेने उडवलं, माझा पाय थोडक्यात वाचला. आज मी ओट्याशी उभी असताना मागून साडीच्या निऱ्या कात्रीने कापल्या, आणि मी वळले तर कात्री माझ्या पोटासमोर. शाळेतून तर रोज फोन येतो. तिने एका मुलीच्या कानात पेन्सिल खुपसली होती. आता वडिलांनी लेखी दिल्याशिवाय वर्गात घेणार नाहीत.

गादीखाली डॉक्टरांची फाइल सापडली. जाडजूड, दोन वर्षांची. ही लग्नाआधी मला दाखवायला नको होती का, असं मी विचारलं. उत्कर्ष म्हणाला, “दाखवली असती तर आली असतीस?” कदाचित आलेही असते. पण मला विचारायला तर हवं होतं. फार लागलं मनाला.

तरी आल्यापावली परत जाणाऱ्यातली मी नाही. वर्गात एकेक नग सरळ केलेत मी. ही तर आईविना पोर.

१९ जुलै

गेल्या आठवड्यात तिचा आकांत चालू असताना मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली बसले. ती झटापट करत होती, नखं मारत होती. मग तिचा कान माझ्या गळ्यातल्या टाकावर आला आणि ती एकदम गप्प झाली. तशीच अर्धा तास बसली, कान लावून. माझे पाय बधीर झाले पण मी हलले नाही. माझ्या छातीचे ठोके ऐकत असेल बिचारी.

आता रोज शाळेतून आली की येऊन बसते. चावणं बंद. शाळेनेही परत घेतलं.

१० ऑगस्ट

आज अवनीने मला ‘आई’ म्हटलं!

मी पोळ्या लाटत होते. बाहेरून हाक आली, “आई!” लाटणं हातातून पडायचंच राहिलं. मोरीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं. अडतिसावं लागेल आता, ही हाक या जन्मी आपल्यासाठी नाही असं मी धरूनच चालले होते.

उत्कर्षलाही भरून आलं. तो म्हणाला, नलिनी अशा हाकेला “आले गं, साखरू” म्हणायची, तूही तसंच म्हण. मी म्हटलं, नाही बाबा, माझी ओ माझी वेगळी. “काय गं, अवनीबाई?” असं ओरडून विचारलं मी. अवनीच्या कपाळाला आठी पडली, पण होईल सवय.

१५ सप्टेंबर

पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालतात. मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. आयत्या वेळी सासूबाई म्हणाल्या, सवाष्ण येत नाही, तूच बस पाटावर. नलिनीची मोरपंखी साडी नेसवली, ओटी भरली. उत्कर्षने माझ्या पायांवर पाणी घातलं. मग सासूबाईंनी मला दाराबाहेर उभं केलं आणि आतून हाक मारली, “नलिनी, जेवायला ये.” मला गंमत वाटली. मी आपली ठसक्यात “आले!” म्हणून उंबरा ओलांडला.

अवनीने टाळ्या वाजवल्या. उत्कर्ष माझ्याकडे असा बघत होता, जसा लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता. मी चार घास जास्तच जेवले.

१७ सप्टेंबर

आईला फोनवर हे सगळं हौसेने सांगितलं. तिने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, अगं, सवाष्ण बाहेरची बोलवतात. जेवून ती आपल्या घरी निघून जाते. घरातल्या दुसरीला त्या पाटावर कधी बसवतात का? आणि तू ओ दिलीस?

मी म्हटलं, जुनं खूळ. पण जेवण गेलं नाही आज.

१९ सप्टेंबर

आज हांडवो केला, खालून चांगला खरपूस. साखरूने तीन तुकडे खाल्ले. तिचे केस वाढलेत, रविवारी कापायला हवेत. यांचा निळा शर्ट उसवलाय. किती दिवसांनी घर घरासारखं वाटतंय.

२० सप्टेंबर

वरचं मी लिहिलेलं नाही.

माझं अक्षर उभं आणि गोल आहे, फळ्यावर घोटलेलं. हे डावीकडे झुकलंय. पण शाई माझ्या पेनाची आहे आणि माझ्याच बोटाला लागलीय. हांडवो हा इकडचा गुजराती पदार्थ, तो कसा करतात हे मला आजही ठाऊक नाही. तवा मात्र घासायला पडलाय.

२२ सप्टेंबर

नवरात्र बसलं. समोरच्या बेन प्रसाद घेऊन आल्या. टाकाकडे पाहून हळहळल्या. “तमे तो त्रीजां ने?”

तिसरी? मी म्हटलं, दुसरी. त्यांनी जीभ चावली, पण मी सोडलं नाही. मधे एक होती, त्या म्हणाल्या. डभोईच्या दत्ताजीरावांची अवंती. लग्न देवळातलं, नोंद नव्हतीच; आठ महिने होती, यंदा मार्चमध्ये तिला माहेरी पोहोचवलं. काही आजार झाला म्हणे.

मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. ना नवऱ्याने, ना सासूबाईंनी.

२४ सप्टेंबर

बसने डभोईला जाऊन आले. दत्ताजीरावांनी टाक पाहिला आणि काही न विचारता आत नेलं.

अवंती झोपाळ्यावर बसली होती. तिशीची, देखणी. अंगात माझ्यासारखाच ब्लाउज, तेच कापड, तोच गळा. मी तिच्या पुढ्यात बसले, तिचा हात धरला. ती बघत होती, पण तिथे कुणी नव्हतं. मालक गेलेल्या घराच्या खिडक्या असतात, तसे डोळे.

तिलाही नवमीला पाटावर बसवलं होतं. पुढे पुढे ती माहेरच्यांना ओळखेना. स्वतःला नलिनी म्हणायची. शेवटी दत्ताजीरावांनी पकडीने साखळी तोडली. म्हणाले, “आमची पोर आत उरलीच नव्हती, बेटा. जी होती, ती टाकाबरोबर निघून गेली.” उत्कर्ष दुसऱ्या दिवशी आला. टाक रुमालात गुंडाळून घेऊन गेला. अवंती कशी आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

म्हणजे साखळी ठेवली तर मी जाणार. आणि तोडली तर माझं काय उरलं असेल, कुणास ठाऊक.

ते सहा ब्लाउज. शिंप्याची नजर नव्हतीच ती. आधी ब्लाउज होते, मग त्या मापाची बाई शोधली.

२५ सप्टेंबर

उत्कर्षला सगळं विचारलं. त्याने नाकारलंही नाही. खाली बघून म्हणाला, अवनी चावत नाही, शाळेत जाते, हसते. तुला हेच तर हवं होतं ना?

मी म्हटलं, आणि मी?

तो म्हणाला, “नलू, हळू बोल. तिचा अभ्यास चाललाय.”

नलू म्हणाला. इतक्या सहज. मला मारलं असतं तर कमी लागलं असतं.

२६ सप्टेंबर

दुपारी अवनी कान लावून बसली होती. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. सगळ्यांनी फसवलं तरी ही तर माझी आहे, असं वाटत होतं. तेवढ्यात तिने हळूच विचारलं, “ती बाई अजून आहे?”

मला नाही विचारलं. टाकाला.

आणि ती हाक— दहा ऑगस्टची— मी मोरीत बसून रडले ती हाक— ती माझ्यासाठी नव्हतीच.

२७ सप्टेंबर

बॅग भरली. दुपारी पाहते तर कपडे परत कपाटात. नीट घड्या घालून. माझ्या घड्या अशा नसतात.

सासूबाईंनी दृष्ट काढली. कुणाची?

२८ सप्टेंबर

कराडहून फोन आला. म्हातारीचा आवाज होता, रडत होती. मी विचारलं, आपण कोण?

आई होती. माझी आई होती ती—

उद्या साखळी तोडते. काय व्हायचं ते—

२९ सप्टेंबर

पकड मिळाली. हात साखळीपर्यंत जातो, मग पदर सारखा करून खाली येतो. तीनदा.

३० सप्टेंबर

शाळेची व्हॅन चारला येते. पावणेचार झालेत. वर्गात चुकलेल्या मुलांकडून लिहून घ्यायची तसं लिहिते आहे. लिहीत राहिलं की—

माझं नाव मोहना. गाव कराड. पाचवी ‘ब’. अकरा वर्षं. आईचं नाव अहल्या. लोणचं कैरीचं, तिने दिलेलं. मी हांडवो करत नाही. माझं नाव मोहना. गाव— गावात नदी आहे. माझं नाव मोहना. अक्षर उभं ठेव. उभं ठेव, बाई.

व्हॅन आली. जिन्यावर पावलं—

ओ द्यायची नाही. एवढंच करायचं. एकदा ओ दिली म्हणून हे झालं. हाक माझी नाही, मी ओ देणार नाही. मी मोहना आहे. दारात आली. हाक मारते आहे. मी ओ देणार नाही, मी ओ देणार ना—

आले गं, साख