अर्धे जाते आणि पुरे बी

लिहून ठेवणार: गोजाबाई भ्रतार कै. अर्जुनराव कड, वय सत्तरच्या आसपास, धंदा शेती आणि मुलग्यांची भांडणे ऐकणे, राहणार मौजे खराबवाडी, तालुका खेड, जिल्हा पुणे.

मी आज चाकण मुक्कामी, राजीखुशीने, कोणी शिकवल्या-पढवल्याशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला विचारले, मुले किती? मी म्हणाले, "तीन हाईत. पण त्यातल्या दोघांना इचारलं तर दोनच सांगतील." डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली.

हा कागद दत्तोबा दस्तलेखक लिहीत आहेत. माझे बोलणे ते शुद्ध करून लिहितात, त्याला माझी हरकत नाही. पण जिथे कोणी काही बोलले आहे तिथे ते बोलले तसेच लिहायचे, असे मी त्यांना बजावले आहे. त्यांना 'वगैरे' लिहायची खोड आहे. 'जमीन, भांडी वगैरे' असे त्यांनी सुरुवातीलाच लिहिले होते, ते मी खोडायला लावले. माझे मुलगे त्या वगैरेवरून खेडच्या कोर्टापर्यंत जातील. जे आहे ते पुरे लिहावे, आणि जे नाही ते मुलग्यांनी शोधू नये.

कलम पहिले. माझा थोरला मुलगा उद्धव, शेती करतो. धाकटा बन्सी, पिंपरीला औषधाच्या कारखान्यात शिफ्टला जातो. मुलगी इंद्रायणी, माण गावी दिली आहे. मुलीलाही वाटा मिळणार असा कायदा गेल्या साली झाला, ही बातमी कानावर आल्यापासून दोघा भावांची झोप उडाली आहे. एरवी एक पूर्व म्हणाला तर दुसरा पश्चिम म्हणतो. पण बहिणीने आईच्या जमिनीवरचा हक्क सोडला, असा कागद मात्र दोघांनी एका विचाराने तयार करून ठेवला आहे. दिवाळीला ती ओवाळायला आली की ताटात ओवाळणी पडायच्या आधी तो तिच्यापुढे सरकवायचा आहे. आमच्या घरची मधली भिंत पातळ आहे, मला सगळे ऐकू येते. ज्या आईच्या जमिनीचा हक्क सोडून घ्यायचा ती अजून जिवंत आहे, ही अडचण त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. म्हणून दिवाळीच्या आधी मी हा कागद करते आहे.

कलम दुसरे. मालकांच्या मागे त्यांच्या मिळकतीची वाटणी पंचांपुढे झाली, ती कशी झाली हे इथे लिहून ठेवणे जरूर आहे. माझ्या मुलग्यांना वाटणी एकाच प्रकारे येते, ती म्हणजे मधून कापणे. जमीन कापली, ते समजू शकते. मग घराच्या मधून भिंत घातली, तेव्हा चूल बन्सीकडे गेली आणि धूर उद्धवकडे. शिडी एकच होती, ती करवतीने मधोमध कापली. आता दोघांकडे शिडी आहे आणि दोघांचाही हात माळ्याला पोचत नाही.

शेवटी राहिले माझे जाते. उद्धव म्हणाला, "वरचा दगड माझा. मी थोरला हाय."

बन्सी म्हणाला, "घे की. खालचा जड असतो, त्योच खरा."

पंचांत रंगराव होते. ते म्हणाले, "आरं, पण दळणार कशावं?"

"ते आमचं आमी बघू," असे दोघे एकदम म्हणाले. तेव्हापासून वरचा दगड उद्धवच्या कडब्याच्या गंजीवर दडपण म्हणून बसला आहे आणि खालच्या दगडावर धाकटी सून कपडे आपटते. दळण डोक्यावर घेऊन दोघी सुना चाकणच्या गिरणीत जातात, त्याही वेगवेगळ्या वाटेने. मालक असते तर त्यांनी एकेकाच्या पाठीत धपाटा घातला असता. मी पदर डोळ्याला लावून बसले, कारण त्या दिवशी मला जास्त दुःख कशाचे करावे तेच कळेना, मालकांचे की जात्याचे.

कलम तिसरे. माझ्या शिव्या. ही माझी स्वतःची कमाई असून तिच्यावर कोणाचे कर्ज नाही. उद्धवने आपल्या पोरांना बन्सीच्या पोरांशी बोलायची बंदी केली आहे. पण दोन्हीकडची पोरे माझ्याजवळ लहानाची मोठी झाली. बोलायला शिकवताना 'पाणी' हा शब्द थोरल्याच्या पोरांना आणि 'भाकरी' हा धाकट्याच्या पोरांना, अशी वाटणी मी केली नाही. सगळ्यांना सगळे दिले, त्यात शिव्याही आल्या. आता भिंतीच्या अलीकडून एक शिवी गेली की पलीकडून तीच, काना-मात्रेसकट परत येते. एवढ्या पोरांनी नेल्या तरी माझ्याकडच्या कमी झाल्या नाहीत, याचा अनुभव दत्तोबांनी आज सकाळपासून घेतला आहे. त्या सर्व नातवंडांना पुऱ्या दिल्या आहेत आणि माझ्यामागे कोणी त्यांची वाटणी मागू नये.

कलम चौथे. काळा मसाला. माझ्या सासूबाई फार हुशार होत्या. सुना वेगळ्या निघू नयेत म्हणून त्यांनी मसाल्यातले निम्मे जिन्नस मला शिकवले आणि निम्मे माझ्या जावेला. आम्ही वेगळ्या निघालोच. मग माझी आमटी पांचट आणि तिची कडू. सासूबाई गेल्यावर आम्ही दोघी एकमेकींना शिव्या देत एका चुलीपाशी बसलो आणि मसाला जुळवला. दगडफूल तिला ठाऊक होते, मला नव्हते. मी दोघी सुनांना मसाला पुरा शिकवला आहे. थोरलीचा तरी बिघडतो, तो तिच्या हाताचा गुण. त्यात माझ्या शिकवण्याचा दोष नाही.

कलम पाचवे. हे कलम मोठे आहे. उद्धव आणि बन्सी यांना हे वाचून दाखवताना दोघांना शेजारी शेजारी बसवावे, म्हणजे एकाचे तोंड उतरलेले दुसऱ्याला दिसेल.

आमच्या कांद्याचे बी माझ्या माहेरचे आहे. फिकट गुलाबी सालीचा, तिखट आणि साठवणीच्या चाळीत पावसाळाभर टिकणारा असा हा कांदा. माझ्या लग्नात आईने खणानारळाबरोबर त्या बियाची पुरचुंडी माझ्या ओटीत घातली. आईकडचे बी त्यामुळे संपले नाही. एका मुठीत मावले तरी त्यातल्या एकेका दाण्यात तो कांदा सगळाच्या सगळा असतो, साल, तिखटपणा आणि टिकणे यांसकट. इंद्रायणीच्या लग्नात मीही तिच्या ओटीत तेच घातले, आणि पुढे ती माहेरी आली की दर खेपेला घालत राहिले. उद्धवने ते पाहिले तेव्हा तो अंगावर आला.

"आये, घरचं बी परघरी घालवतीस? उद्या माणचं लोक आपला कांदा इकतील."

मी म्हणाले, "इकू दे की. तुझ्या कांद्यातला तिखटपणा का माणला जाणार हाय?"

त्याला ते पटले नाही. वाटणीत बीसुद्धा निम्मे निम्मे झाले, आणि ही एकच गोष्ट अशी होती की निम्मी करूनही दोघांना पुरी मिळाली होती. तरी माझ्या गुणी लेकरांनी ती वाया घालवून दाखवली.

उद्धवने आपले बी पेटीत कुलूपबंद केले. शेतात बियासाठी कांदा लावलाच नाही. का, तर फुलांच्या गोंड्यावर बसलेली मधमाशी उडून बन्सीच्या गोंड्यावर जाईल आणि त्याचे फुकट भले होईल. किल्ली करगोट्याला बांधली. कांद्याचे बी दुसऱ्या सालाला म्हातारे होते, तिसऱ्या सालाला मरते. दर साली पेरून नवे करावे लागते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उद्धवलाही माहीत होते, पण भावाचे नुकसान करायचे म्हटले की त्याला काही आठवत नाही.

बन्सीने बियाचा कांदा लावला, पण बाजारातल्या लाल कांद्याच्या वाफ्याला खेटून. मधमाशीला बांध कळत नाही. पुढच्या साली त्याचा कांदा ना लाल ना गुलाबी, आणि चाळीत पंधरवड्यात पाणी सुटले. आणि हा बन्सी काम कुठे करतो, तर औषधाच्या कारखान्यात, जिथे बुरशीचे विरजण जपतात. त्यानेच मला मोठ्या ऐटीत सांगितले होते.

"आये, सायेब लोक ते येका बाटलीत ठेवीत न्हाईत. कितीक बाटल्या, निरनिराळ्या कपाटात. परत्येकीत पुरं. येक नासली तर दुसरी हाय."

"आन् त्यात दुसरं काही मिसळलं तर?"

"छ्या! हात धुतल्याबिगर आत सोडीत न्हाईत."

कारखान्याच्या बुरशीसाठी हात धुतो आणि आजीच्या कांद्याची अशी दशा करतो. शिकला-सवरला म्हणतात तो हा.

उद्धवचे बी पेटीत मेले आणि बन्सीचे बाटले, हे मी ओळखले. जमीन गेली असती तर एवढे वाटले नसते. माझ्या आईचे म्हणून माझ्याकडे तेवढेच होते. मी लेकीला बघायचे निमित्त करून माणला गेले. तिच्या परसात गोंडे डुलत होते, फिकट गुलाबी कांद्याचे, आजूबाजूला दुसरा कांदा नाही. मी विधवा, माझी ओटी भरता येत नाही, म्हणून तिने बियाची पुरचुंडी माझ्या पिशवीत भाकरीखाली ठेवली.

मी म्हणाले, "इंदे, तुझे भाऊ तुला चोर म्हनत होते."

ती म्हणाली, "म्हनू दे. त्यांना लागलं की सांग, दर साली ताजं असतंय."

घरी आल्यावर, बन्सी शिफ्टला आणि उद्धव आंघोळीला गेला असताना, मी उद्धवच्या पेटीतले मेलेले बी काढून तिथे हे ठेवले. (करगोटा आंघोळीला सोडून ठेवतो, आणि त्याची आंघोळ मोठी असते.) बन्सीच्या डब्यातही तसेच केले, आणि पुढच्या सालीही हेच केले. दोघांचा कांदा नंबरी आला. उद्धव चाकणच्या बाजारात छाती पुढे काढून सांगत फिरला, "कुलपात ठेवलं म्हणून टिकलं." बन्सी म्हणाला, "आमची कारखान्याची पद्धत." मी गप्प बसले, कारण हसू दाबायला तोंड मिटूनच ठेवावे लागते.

तर उद्धव आणि बन्सी, ऐका. गेली दोन साले तुम्ही ज्या कांद्यावर मिशीला पीळ देता, तो तुमच्या बहिणीच्या परसातला आहे. जिच्याकडून हक्क सोडून घ्यायला निघालात, तिने तुमचे घर उगवून दिले.

कलम सहावे. विहिरीलगतचा एक एकराचा तुकडा मला माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने दिला आहे. त्यावर मालकांचा किंवा त्यांच्या वारसांचा हक्क नाही. तो मी संपूर्ण इंद्रायणीला देते. त्याचे तुकडे करू नयेत. माझ्या पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या दोघी सुनांनी सारख्या घ्याव्यात. मधली एक जास्त आहे, ती देवापुढे ठेवावी, नाहीतर तीही करवतीने कापाल.

कलम सातवे. माझे जाते मी इंद्रायणीला देते. वाटणीत ते तुम्हाला गेले असे म्हणाल, तर पंचांनी जाते दिले होते. तुम्ही दगड नेले. वरचा दगड उद्धवने आणि खालचा बन्सीने स्वतःच्या हाताने उचलावा आणि दोघांनी एकाच बैलगाडीत बसून ते जाते माणला पोचवावे. वाट लांबची आहे. खराबवाडीपासून माणपर्यंत दोन भाऊ तोंड फिरवून बसले तरी कुठेतरी बैल अडेल, कुठेतरी चाक रुतेल, आणि एकाला दुसऱ्याशी बोलावे लागेल. मी असते तर गाडीत तुमच्या मध्ये बसले असते. आता मध्ये जाते असेल.

जाते बसवून त्यावर पहिले दळण पडले की इंद्रायणीने दोघांनाही बी द्यावे, प्रत्येकाला मूठभर, आणि मागतील त्या साली पुन्हा द्यावे. एकटा आला तर चहा पाजून परत पाठवावा. तुम्ही कधीच गेला नाहीत तरी बी मरणार नाही. तुमचे मात्र राहणार नाही.

कलम आठवे. या कागदाच्या तीन नकला दत्तोबांनी केल्या आहेत, तिघांना एकेक. तिन्ही पुऱ्या आहेत आणि तिन्हींत कलमे सारखी आहेत. ओळीला ओळ लावून मी त्या रंगरावांकडून वाचून घेतल्या. दुसऱ्या नकलेत दत्तोबांनी शिव्यांचे कलम लाजेने गाळले होते, ते पुन्हा लिहवून घेतले. कोणी आपली नक्कल जाळली तर हरकत नाही, दोन उरतात.

कलम नववे आणि शेवटचे. माणला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बहिणीकडे जाता आहात. प्रत्येकाने एक नारळ आणि चोळीचा एक खण न्यावा, आणि खण पुरा असावा. दोघांत मिळून एक घेऊन अर्धा अर्धा कापून नेऊ नये. अर्ध्या खणाची चोळी होत नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे आणि त्यात कुठेही वगैरे नाही, म्हणून अंगठा केला आहे.

गोजाबाई भ्रतार कै. अर्जुनराव कड, यांच्या डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. रंगराव, राहणार खराबवाडी, जात्याच्या वाटणीतील पंच. बाईंनी आमच्यासमोर अंगठा केला. गाडी आणि बैल माझे देईन.
२. बबनराव, राहणार कासारवाडी. बाईंनी आमच्यासमोर अंगठा केला.

लिहिणार: दत्तोबा, दस्तलेखक, चाकण.

मुक्काम चाकण, तारीख ५ ऑक्टोबर १९५७.