बाबांचा घोडेवाला

प्रिय दादा,

तू काल फोनवर बाबांची ती अमेरिकन कंट्री-वेस्टर्न गाण्यांची रेकॉर्ड मागितलीस. कव्हरवर घोड्यावर बसलेला गवई असलेली, तू पहिल्या पगारातून त्यांना आणून दिलेली. "आठवण म्हणून तेवढी एकच दे," म्हणालास. मी हो म्हटलं. पण घरात आहे ती तुझी नाही रे.

बाबा हॉस्पिटलात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. ते आता परत येत नाहीत असं धरून मी त्यांची खोली आवरली, सगळ्या रेकॉर्डी भंगारात दिल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात बाबा काठी टेकत घरी आले. आल्या आल्या विचारलं, "माझा घोडेवाला कुठाय?"

"साफ करायला दिलाय," मी थाप मारली. मग चार दिवस जुन्या रेकॉर्डींची दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे तशीच एक मिळाली.

त्यांनी ती लावली. आपल्या रेकॉर्डीला तिसऱ्या गाण्यात चरा होता. सुई तिथे अडकायची आणि बाबा तिला बोटानं हळूच पुढे ढकलायचे. त्या दिवशीही त्यांनी सवयीनं बोट पुढे नेलं. गाणं न अडखळता पुढे गेलं. बोट तसंच हवेत राहिलं.

मी फरशीकडे बघत बसले. बाबा एवढंच म्हणाले, "छान साफ केलीस हं, पोरी."

पुढे सहा महिने जगले, पण रेकॉर्ड लाव असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

उद्या तीच पाठवते. सोबत हे पत्र घालायचा मात्र धीर होत नाही.

तुझी,
धाकटी