काकांची शाल आणि पात्रता फेरी

तीर्थरूप रवींद्रकाकांना बुकित पंजांगहून शैलेंद्रचा साष्टांग नमस्कार (हॉलमध्ये सोफा आडवा येतो, म्हणून कमरेपर्यंतच घातला आहे). काकूंचा खोकला काय म्हणतो? आणि तुमचा डावा गुडघा? आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

तुम्ही पुढच्या महिन्यात इकडे परदेशात येणार म्हणून आमच्या मराठी मंडळात मी तुमच्या सत्काराचा विषय काढला आणि नसती आफत ओढवून घेतली. पलीकडच्या बिशान भागातला हेमचंद्र आमचा सेक्रेटरी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेतो, बाहेर फुकट शोधतो. त्याने विचारलं, मातीच्या गोल ट्रॅकवर बिनब्रेकची मोटारसायकल जन्मभर डावीकडे वळवून काकांनी मिळवलं काय? उभ्या कारकिर्दीत एकच फायनल, तीतही शेवटचा नंबर. (हे त्याला कोणी सांगितलं ते विचारू नका. मीच, अभिमानाने.)

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, त्या काळची पात्रता पद्धत बघ की जरा. आजचे रायडर एका फेरीत पडले तर पुढच्या फेरीत भरून काढतात. काकांच्या वेळी जिल्ह्याची एकच दुपार. पडलात की वर्ष गेलं. काका दरवर्षी पहिल्याच वळणावर पडले, हा दोष पद्धतीचा. हेमचंद्र म्हणाला, मग त्या एका वर्षी फायनलला पोचले कसे? आता खोटं कशाला बोलू? त्या दुपारी संयोजकांच्या मुलीचं लग्न होतं, जिल्ह्यातले बाकी सगळे रायडर पंगतीला बसले होते आणि तुम्हाला आमंत्रण नव्हतं.

शेवटी हेमचंद्रानेच निकाल दिला की हजर राहिला तो पात्र, असाच नियम असेल तर काका पात्र. शाल मंजूर झाली, नारळ विचाराधीन आहे. मला अगदी भरून आलं.

तुमचा पुतण्या,
शैलेंद्र

ता. क. इथली मोटारसायकलची परीक्षा मी परत नापास झालो. अरुंद फळीवरून गाडी न्यायची असते. चाक खाली उतरलं की चला घरी. तुमची सूनबाई संजीवनी म्हणते, दोष माझा. तिला फोन करून हे पद्धतीचं जरा समजावा. पत्र खरं त्यासाठीच लिहिलंय. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

आणखी ता. क. पत्र संजीवनीने वाचलं. ती त्याच फळीवरून पहिल्या फटक्यात पास झाली आहे, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. विमानतळावरून तुम्हाला तीच मागे बसवून आणणार. मी बॅगा घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने येतो. तिच्या गाडीला ब्रेक आहेत आणि ती उजवीकडेही वळते, असं तिने कळवायला सांगितलंय.