नाल्याकाठची दोरी

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आणि पुढे काय करणार हे तुला नीट सांगायचं राहून गेलं. आकाशात लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात आणि त्यांतले काही पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. त्यांच्यावर पाळत ठेवायची आणि त्यांची वाट मोजायची, हे माझं काम. एखादा आपल्यावर येणार असेल तर ते बरीच वर्षं आधी कळायला हवं, म्हणजे त्याला बाजूला ढकलायला वेळ मिळतो. चिखलदऱ्याला आमच्या कॉलेजची पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, तिथे दुर्बीण आहे. मी अमरावतीहून जाऊन-येऊन असते. या कामासाठी सरकारकडे अर्ज करावा लागतो आणि माझा पगारही त्यातूनच निघतो. यंदा अर्ज मंजूर झाला नाही तर खोलीला कुलूप लागेल आणि मी घरी बसेन, हे मला आधीपासून माहीत होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दगड पाहाले इतकी शिकली का वं? अकोल्यात दगड कमी होते काय?"

अर्जाच्या पहिल्याच पानावर अडलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका दगडाची मोजमापं घेतली होती. सुरुवातीला मोजमापं थोडी असतात, तेव्हा त्याची वाट रेषेसारखी दिसत नाही, रुंद पट्ट्यासारखी दिसते, आणि त्या पट्ट्यात पृथ्वी सापडली की धोक्याचा आकडा, म्हणजे धडकेची शक्यता, लिहावा लागतो. मोजमापं वाढत गेली की पट्टा अरुंद होतो. तोवर पृथ्वी आत असेल तर आकडा उलट वाढतो, आणि एक दिवस पृथ्वी पट्ट्याबाहेर पडते आणि आकडा शून्यावर येतो. आमचाही आला. आमच्या विभागप्रमुख सरांचं म्हणणं होतं की अर्जात आधीचा, वाढलेला आकडा द्यावा आणि नंतरची मोजमापं 'काम चालू आहे' एवढ्यावर सोडून द्यावीत. "यात खोटं काय आहे? आकडा तुझाच, मोजलाही तूच," ते म्हणाले. मी म्हटलं, तो आता खरा नाही. त्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अवं मॅडम, दुष्काळ नसलेल्या गावाले कोणी टँकर देते काय?"

सर वाईट नाहीत. मी घरी बसू नये म्हणूनच ते बोलत होते. पण टँकरचं नाव निघालं आणि मला ते सोयाबीनचं वावर आठवलं.

मी शाळेत आहे, दिवाळीच्या आधीची सुट्टी आहे, आणि तू मला अकोल्याहून एसटीने तुझ्या हद्दीतल्या गावी घेऊन आली आहेस. तू कृषी सहायक. पीक कापणीचा प्रयोग आहे. वावर कोणतं आणि त्यातला तुकडा कोणता, हे छापील तक्त्यातल्या आकड्यांवरून ठरतं, माणसाने निवडायचं नसतं. तुकड्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती तुझी निळी नायलॉनची दोरी, आणि आतलं पीक कापून, मळून, तोलायचं. दोरीचं एक टोक माझ्या हातात आहे. पावसाने दगा दिल्यामुळे सगळं वावर करपलेलं, आणि आकड्यांनी नेमका नाल्याकाठचा कोपरा दिला आहे, तिथे ओल होती म्हणून शेंगा भरल्या आहेत. वावर ज्यांचं, ते चाचा कमरेवर हात ठेवून उभे आहेत. मागे गावातली माणसं.

"बाई, ये कौनसा इन्साफ हाय? सारं वावर जळून गेलं अन् तुमची दोरी हिरव्यात पडली."

"दोरी मी नाई टाकली चाचा, आकड्यानं टाकली."

"मंग त्या आकड्याले इचारा, आज जेवला का म्हणून!"

माणसं हसली. तूही हसलीस, आणि खुंटी ठोकलीस. मग चाचांनी आवाज उतरवून म्हटलं, "जरासी सरकवा ना बाई. कोन पाहून राहिलं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "दोरी ताण."

तोलून झाल्यावर वावरवाल्याने जेवू घालायची रीत होती. त्या दिवशी कोणी पाणीही विचारलं नाही. आपण फाट्याकडे निघालो तेव्हा चाचा मागून आले आणि माझ्या हातात काकडीसारखं एक वाळूक ठेवून तुझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचा काय कसूर?" पुढे गावाची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी आकडा, पन्नासच्या वर गेली. पन्नासच्या खाली गेली असती तर दुष्काळ लागला असता, सवलती मिळाल्या असत्या. एका तुकड्याने गावाचा आकडा ठरत नाही, बाकीच्या वावरांचे आकडेही त्यात होते, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. स्वयंपाकघरात तू भाकरी थापत असताना मी विचारलं होतं, थोडी सरकवली असती तर काय झालं असतं? तू परातीतून वर पाहिलंस. "मंग मोजाले कायले गेलो होतो? घरी बसूनच लिहून देलं असतं." आणि मग तव्यावरची भाकरी उलटताना, "वाळूक खा. नासून जाईन."

मी अर्जात शून्य लिहिलं. हा दगड आता येत नाही, पुढचा येतो का हे बघायला पैसे हवेत, असं लिहिलं. पैसे मंजूर करणाऱ्या समितीसमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलावणं आलं. एकाने विचारलं, तुमच्या भागात शेतकरी आत्महत्या करतायत आणि तुम्ही आकाशातल्या दगडांसाठी पैसे मागताय? मी म्हटलं, "त्याचा अर्ज दुसऱ्या खात्याकडे असतो, सर." कोणीतरी हसलं. त्या हसण्याने माझं काम बिघडलं हे मला तिथेच कळलं. महिन्याभराने कळवलं, विषय चांगला आहे पण तातडी दिसत नाही. आमचे सर एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" झालं नव्हतं. नुसता थकवा आला होता.

काल खोली बंद करून किल्ली कॉलेजात दिली. तुझी निळी दोरी मी इतकी वर्षं तिथेच वापरत होते. छपराचा सरकता पत्रा वाऱ्याने उघडतो, तो तिने बांधून ठेवते. सोडून घरी आणावी म्हणून गाठीला हात घातला आणि काढून घेतला. ती सोडली तर चिखलदऱ्याच्या पावसात दुर्बीण भिजेल. पुढे कोणी आलंच तर ती कोरडी सापडावी.

हे पत्र द्यायला पत्ता नाही, आणि तू असतीस तर मी ते दिलं नसतं. शून्य लिहिताना मला तुझा अभिमान वगैरे वाटला नाही. मला तुझा राग आला होता. त्या दिवशी तुझ्यासमोर दोरी ताणून उभी असताना मनात मी एकच म्हणत होते, सरकव. ते वावर आठवलं की आजही तेच म्हणते.