गोदीचे मिटलेले ओठ

कार्तिक वद्य षष्ठी, दिवेलागण.

उगाच घाबरलो. तिसरीत गेल्यापासून माझी लेक गोदी पुस्तक उघडून नुसती बसते, ओठ हलत नाहीत. आधी मोठ्यानं वाचायची, माझी माय धान कांडता कांडता ऐकायची. मायची रोज भुणभुण, "पोरगी काऊन वाचत नाही रे? वाचणं भुलली का?" मलाही तेच वाटलं. कशाला रागावलो पोरीवर? आज गुरुजींना गाठलं तर ते हसले. "तिसरीत पोरं मनातल्या मनात वाचून राहतात, पाटील." घरी येऊन विचारलं, गोदीनं अख्खा धडा सांगितला. जीव भांड्यात पडला. माय मात्र त्या मिटल्या ओठांकडे बघत म्हणाली, "मंग आता मले कोण वाचून दाखवन?" आणि कांडायला उठली. गोदीच पुस्तक घेऊन उखळापाशी गेली. आत्ता मुसळ आणि धडा, दोन्ही ऐकू येताहेत.